कच्च्या वाटांचा इतिहास : मच्छे परिसरातील सायकल आणि रस्ते



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते आम्हांला इतिहास व भूगोल हे दोन्ही विषय शिकवीत. ते रोज सायकलवरून शाळेत येत. वर्गात शिरताना धोतराला लागलेली धूळ झटकीत आणि विचारीत, "सांगा पाहू, आज मी कोणत्या वाटेने आलो?" धूळ तांबडी असेल तर संतिबस्तवाड किंवा किणये बाजूची, कारण मच्छेच्या पश्चिमेला जांभ्याचा पट्टा सुरू होतो. ती काळपट असेल तर येळ्ळूर, वडगावकडच्या भातशेतीतली. त्या प्रश्नातून आम्ही जो भूगोल शिकलो तो कोणत्याच पुस्तकात नव्हता. आज त्याच वाटांचा इतिहास आपणांसमोर मांडण्याचे मी योजिले आहे.

विषयाला निमित्तही आहे. रविवारी सकाळी राजहंसगडाच्या दिशेने सायकली घेऊन निघालेली तरुण मुले मला अलीकडे दिसतात. गुळगुळीत महामार्ग सोडून ती मुद्दाम खडीचा, मुरमाचा रस्ता धरतात. या छंदाला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात, असे त्यांच्याकडूनच मला कळले. २००६ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यात एम्पोरिया येथे अवघे ३४ स्वार अशा रस्त्यांवरील २०० मैलांच्या शर्यतीला उभे राहिले होते. २०२२ साली इटलीत या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. या खास सायकलींचे टायर सुमारे चाळीस मिलिमीटर रुंद असतात, असे एका मुलाने मला अभिमानाने सांगितले. मला हसू आले. आमच्या काळ्या सायकलीच्या टायरवर अठ्ठावीस बाय दीड इंच असे लिहिलेले असे, आणि दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. कॅन्ससच्या स्वारांनी नव्याने शोधलेला टायर आमचा दूधवाला दोन्ही बाजूंना कॅन लटकावून रोज चालवीत होता.

यातील गमतीचा भाग सोडला तरी एक ऐतिहासिक सत्य उरते. सायकल ही मुळात कच्च्या रस्त्यावर वाढलेली वस्तू आहे. स्टार्ली यांची दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी सायकल १८८५ साली बाजारात आली. १८८८ साली डनलॉप यांनी हवेचा टायर तयार केला. त्या वेळी डांबरी रस्ता जवळपास कोठेच नव्हता. डांबर आणि खडी एकत्र करण्याच्या पद्धतीचे हूली यांचे एकस्व १९०२ सालचे आहे. त्यापूर्वीचा उत्तम रस्ता म्हणजे स्कॉटलंडच्या मॅकॅडमने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रूढ केलेला खडीचा रस्ता. त्याचे तत्त्व साधे होते. रस्ता भोवतालच्या जमिनीपेक्षा उंच असावा, मधोमध किंचित फुगीर असावा, पाणी बाजूच्या चरात उतरावे, आणि वरचा एकही दगड सहा औंसांहून म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड नसावा. लहान, टोकदार खडी रहदारीच्या भारानेच एकमेकींत घट्ट बसते. रस्त्याचा खरा शत्रू पाणी हे मॅकॅडमने ओळखले होते. पावसाळ्यात पश्चिमेचे ढग अंगावर घेणाऱ्या आपल्या भागाला हे निराळे सांगावयास नको.

आपल्याकडे हा खडीचा रस्ता इंग्रजी अमलाबरोबर आला. १८१८ साली बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, पुढे येथे लष्करी छावणी वसली आणि १८३६ साली बेळगाव हा स्वतंत्र जिल्हा झाला. फौजेला आणि मालाला बारमाही वाट हवी होती. पूर्वी कोकणातले मीठ आणि नारळ बैलांच्या पाठीवरून घाट चढून येत. एकोणिसाव्या शतकात आंबोली घाटातून वेंगुर्ले बंदराकडे गाडीरस्ता झाला आणि त्याच शतकाच्या अखेरीस रेल्वे आली. या कामांच्या नोंदींत अभियंत्यांची नावे सापडतात. ज्यांनी उन्हात बसून हातोडीने दगड फोडले त्या वडार समाजातील स्त्रीपुरुषांची नावे सापडत नाहीत. खडीच्या रस्त्याचा इतिहास सांगताना त्यांचे ऋण प्रथम मानले पाहिजे.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चांगले रस्ते हवेत अशी संघटित मागणी पाश्चात्त्य देशांत प्रथम मोटारवाल्यांनी केलेली नाही, ती सायकलस्वारांनी केली. इंग्लंडमध्ये सायकल संघटनांनी १८८६ साली रस्ते सुधारणा मंडळ स्थापन केले. अमेरिकेत सायकलस्वारांचा संघ १८९२ पासून चांगल्या रस्त्यांसाठी स्वतंत्र मासिक चालवू लागला. पुढे मोटार आली आणि रस्ता तिचा झाला. भारतात १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशीवरून पेट्रोलवरील करातून १९२९ साली रस्ता निधी उभा राहिला. एका मराठी विधिज्ञाने देशाच्या रस्त्यांचा पाया घातला ही अभिमानाची बाब होय. परंतु पेट्रोलमधून आलेला पैसा स्वाभाविकपणे पेट्रोलच्या वाहनांमागे गेला. १९४३ च्या नागपूर योजनेने रस्त्यांची प्रतवारी लावली. तिच्यात राष्ट्रीय महामार्ग सर्वांत वर आणि ग्रामरस्ता तळाला राहिला. शेताशेतांतून जाणारी पाणंद त्या उतरंडीच्याही बाहेर राहिली.

आपल्या मच्छेचे स्थान या इतिहासात बोलके आहे. गाव बेळगाव–खानापूर रस्त्यावर वसलेले. तोच पुढे लोंढा, अनमोडवरून गोव्यास उतरणारा राष्ट्रीय महामार्ग. परंतु गावाचे खरे जीवन या मोठ्या रस्त्याला आडव्या जाणाऱ्या लहान वाटांवर चालत आले. एक वाट देसूरवरून राजहंसगडाच्या पायथ्याशी जाते, एक येळ्ळूरच्या शिवारात उतरते, तर पश्चिमेची संतिबस्तवाडवरून किणयेला पोहोचते आणि तेथे जांबोटी–कणकुंबीचा रस्ता भेटतो. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते आणि खानापूरला वळसा घालून पूर्वेस जाते. बेळगावच्या उत्तरेस मार्कंडेय नदी राकसकोपच्या जलाशयातून शहराला पाणी देऊन गोकाककडे वाहते. या दोन नद्यांच्या मधल्या मुलखात वाटा कशा आखल्या गेल्या ते पाहण्यासारखे आहे. जुनी गाडीवाट शक्यतो उंचवट्याच्या कडेने जाते, ओढा उथळ असेल तेथेच ओलांडते आणि भाताची खाचरे टाळते. कोणा अभियंत्याने तिचा आराखडा काढला नाही. बैलांनी आणि पावसाने मिळून तो ठरविला.

या वाटांवर सायकल आली आणि गावाचे अंतर बदलले. उद्यमबागेत कारखाने उभे राहिले तेव्हा पिरनवाडी, मच्छे, येळ्ळूर येथील माणसे जेवणाचा डबा हँडलला अडकवून कामाला जाऊ लागली. पहिल्या भोंग्याआधी त्या वाटांवर घंट्यांचा आवाज असे. माझे वडील त्यांपैकी एक होते. पावसाळ्यात चिखल मडगार्डमध्ये अडके, तेव्हा ते सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडीत, पण खाडा होऊ देत नसत. त्या पगारावर आम्ही भावंडे शिकलो. पुढे कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीतील मुलींना सायकली देण्यास प्रारंभ केला. चौथी-सातवीनंतर घरी बसणारी एखादी मुलगी शेजारच्या गावच्या हायस्कुलात जाऊ शकली ती याच वाटांनी.

आज या वाटांचे काय होत आहे? १९९८ साली विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ स्थापन झाले व त्याचे आवार मच्छेच्या माळावर उभे राहिले. औद्योगिक वसाहत वाढली, भूखंड पडले. विकासाला माझा विरोध नाही. आपल्यापैकी अनेकांची घरे त्यावर चालतात. हलगा–मच्छे बगलरस्त्याला सुपीक जमिनीच्या प्रश्नावरून शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला. त्यात जमिनीच्या मोबदल्याची चर्चा पुष्कळ झाली. पण महामार्गाने पाणंद मधोमध तुटते, तेव्हा अलीकडच्या घरातून पलीकडच्या शेतात जाणाऱ्या माणसाचा वळसा कोणत्या हिशेबात धरायचा? सातबाऱ्यावर जमिनीला मालक असतो, वाटेला मात्र फक्त वहिवाट असते. वहिवाट थांबली की कुंपण एक हात पुढे सरकते, दोन पावसाळ्यांत झुडपे वाढतात आणि तिसऱ्या वर्षी येथे वाट होती हे सिद्ध करावे लागते.

म्हणून रविवारच्या त्या सायकलस्वार मुलांकडे मी कौतुकाने पाहतो. ती मौजेसाठी जात असतील. पण त्यांच्या चाकांनी वाट जिवंत राहते. वाट वापरली म्हणजे राखली, हा आपल्या पूर्वजांचा अलिखित कायदा होता.

माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात जमिनीची मोजणी होऊन गावोगावचे नकाशे तयार झाले. गाव नकाशावर गाडीवाटा तुटक रेषांनी दाखविलेल्या असतात. दरवर्षी आठवी-नववीच्या मुलांना सोबत घेऊन आपण यांतील एक वाट सायकलवरून जावे. ती कोठे रुंद आहे, कोठे अडली आहे, ओढ्याच्या उताराला कोणते नाव आहे, हे वाटेवरच्या वृद्धांना विचारून लिहून काढावे आणि ती वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. ज्यांना ही नावे ठाऊक आहेत ते आता थोडेच उरले आहेत, तेव्हा हे काम पुढच्या पिढीवर सोडता येणार नाही.

गुरुजींच्या प्रश्नाला आम्ही वर्गात क्वचितच बरोबर उत्तर दिले. पण त्या प्रश्नाने आम्हांला पायाखालच्या मातीकडे पाहावयास लावले. आजच्या विद्यार्थ्याला तोच प्रश्न विचारता यावा, आणि उत्तर देण्यासाठी तांबडी व काळी अशा दोन्ही वाटा शिल्लक असाव्यात, एवढीच इच्छा व्यक्त करतो.