शुझेन्जी : ऊन पाणी आणि एका ओळीची नोंद

सरकारी दप्तरात जी नोंद एका ओळीत संपते तिच्यामागे बहुधा काहीतरी मोठं घडलेलं असतं, असा माझा इतक्या वर्षांच्या कारकुनीतला अनुभव आहे. अशीच एक नोंद जपानच्या जुन्या दप्तरात आहे. ती ज्या गावाविषयी आहे, त्या गावात दोन रात्री राहण्याचा योग मला आला. भाचा तोक्योत नोकरीला आहे, त्याच्या आग्रहामुळे जाणं झालं.

गावाचं नाव शुझेन्जी. तोक्योच्या नैऋत्येला समुद्रात शिरलेलं इझू द्वीपकल्प आहे, त्याच्या मधोमध डोंगरांच्या कुशीत हे गाव. मिशिमा स्टेशनवर बुलेट ट्रेन सोडायची, दोन-तीन डब्यांच्या लहानशा गाडीने साधारण पस्तीस मिनिटं जायचं आणि पुढे थोडा बसचा प्रवास. गावाला नाव मिळालं ते तिथल्या देवळावरून. बुद्धाच्या मंदिराला देऊळ म्हटलेलं वाचकांना चालेल, मला तोच शब्द जवळचा वाटतो. गंमत अशी की उच्चार एकच असला तरी देवळाच्या नावात 'ध्यान' या अर्थाचं चित्राक्षर आहे आणि गावाच्या नावात 'चांगलं' या अर्थाचं.

देवळासमोरून कात्सुरा नावाची नदी वाहते. नदी कसली, आपल्याकडे तिला ओहोळच म्हणतील. तिच्या पात्रातल्या खडकांवर एक ऊन पाण्याचा झरा आहे, त्याचं नाव 'तोक्को-नो-यु'. कथा अशी : इ. स. ८०७ मध्ये कोबो दाईशी, म्हणजे शिंगोन पंथाचा संस्थापक कूकाई, इथे आला. एक मुलगा आपल्या आजारी बापाला नदीच्या गार पाण्याने आंघोळ घालत होता. कूकाईला दया आली. त्याने हातातला तोक्को खडकावर मारला आणि ऊन पाणी उसळलं. तोक्को म्हणजे एका टोकाचं वज्र. आपल्याकडेही वसईजवळ वज्रेश्वरीच्या देवळापाशी ऊन पाण्याची कुंडं आहेत आणि तिथल्या देवीच्या नावातही वज्रच आहे. या दोन वज्रांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचं मी म्हणत नाही, पण कथा ऐकताना वज्रेश्वरी आठवलीच.

आता इतिहास काय सांगतो? कूकाई ८०६ मध्ये चीनहून परतला आणि पुढची दोन-तीन वर्षं दूर दक्षिणेला क्युशू बेटावर अडकून राहिला, राजधानीत यायची परवानगी त्याला ८०९ मध्ये मिळाली. मग ८०७ मध्ये तो इझूत कसा असेल? जपानात कितीतरी देवळं आपलं स्थापनावर्ष नेमकं हेच सांगतात. आपल्याकडे एका रात्रीत पांडवांनी बांधलेली देवळं असतात ना, तसंच हे. झरा मात्र खरा आहे. तो पुराच्या पाण्याला अडथळा करतो म्हणून २००९ मध्ये बांधकाम खात्याने संतमहाराजांचा हा झरा थोडा खाली, प्रवाहाच्या दिशेने सरकवला! आज तो फक्त बघायचा, त्यात आंघोळ करता येत नाही.

कूकाई आपल्याला परका नाही. चीनच्या राजधानीत त्याने प्रज्ञा नावाच्या भारतीय भिक्षूकडे संस्कृतचे धडे घेतले. त्याच्या पंथाचं मुख्य दैवत महावैरोचन, जपानीत दाईनिची. या शब्दाशी आमच्या गोव्याचाही संबंध आला. सात्सुमाचा अंजिरो नावाचा जपानी माणूस १५४८ मध्ये गोव्यात आला, इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला आणि जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. १५४९ मध्ये फ्रान्सिस झेवियर त्याला घेऊन जपानला गेला. ख्रिस्ती देवाला जपानीत काय म्हणायचं हा प्रश्न आला तेव्हा अंजिरोने शब्द दिला दाईनिची. शिंगोनचे भिक्षू खूष झाले. हा पाहुणा आपल्याच दैवताचं गुणगान करतोय असं त्यांना वाटलं! झेवियरच्या ध्यानात हा घोटाळा १५५१ मध्ये आला आणि त्याने तो शब्द टाकून 'देउश' हा पोर्तुगीज शब्द धरला. त्या कॉलेजच्या दर्शनी भिंतीचा उरलेला तुकडा आम्ही येता-जाता पाहतो, पण अंजिरोची आठवण कोणाला होते?

असो. मुक्कामाकडे वळतो. इथल्या पारंपरिक धर्मशाळावजा खाणावळीला रिओकान म्हणतात. धर्मशाळा हा शब्द दराच्या बाबतीत मात्र फसवा आहे. १८७२ पासून चालत आलेलं 'आराई' हे इथलं नामांकित रिओकान, त्याच्या इमारती सरकारने सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवल्या आहेत. तिथलं लाकडी खांबांचं मोठं न्हाणीघर यासुदा युकिहिको या चित्रकाराच्या आराखड्यावरून १९३४ मध्ये बांधलं. ते मी बाहेरूनच पाहिलं आणि खिशाला झेपेल अशा लहान रिओकानमध्ये उतरलो. दारातच चपला काढायच्या. खोलीत तातामीच्या चटया, एक बुटकं मेज आणि भिंतीच्या कोनाड्यात लोंबणारं एक चित्र. जेवण खोलीतच येतं, पंधरा-वीस वाट्या-बशांत. इझूचा वासाबी प्रसिद्ध आहे. त्याचं मूळ समोर ठेवतात, आपणच किसून घ्यायचं. झणका थेट नाकात जातो, पण आमच्या मिरचीसारखा रेंगाळत नाही. जेवण झालं की मेज बाजूला सरकवून गादी घालतात.

खरी गोष्ट न्हाणीघराची. आधी बुटक्या पाटावर बसून साबणाने अंग स्वच्छ धुवायचं, मगच कुंडात उतरायचं, तेही पूर्ण उघड्याने. कोकणी माणसाला हे पहिल्या दिवशी जड जातं. पाणी स्वच्छ, जवळजवळ बिनवासाचं आणि चांगलंच कढत. कोणी मोठ्याने बोलत नाही. झेन मठांत ज्या तीन जागी मौन पाळायचं असतं त्यांतली एक न्हाणीघर. तिथे भद्रपाल बोधिसत्त्वाची स्थापना करतात, कारण स्नान करतानाच त्याला बोध झाला अशी कथा आहे. आंघोळ हे इथे निव्वळ अंग धुणं नाही, हे त्या शांततेत आपोआप कळतं.

रिओकानमध्ये घालायला युकाता देतात. मी ती उजवी बाजू वर घेऊन बांधली होती. मालकीणबाईंनी लगबगीने येऊन डावी बाजू वर करून दिली. भाच्याने नंतर सांगितलं, उजवी बाजू वर फक्त प्रेताची असते.

याच गावात एका माणसाला जिवंतपणी मेलेला ठरवून आणलं होतं. मिनामोतो नो योरिइए हा कामाकुराचा दुसरा शोगुन. बाप योरितोमो ११९९ मध्ये वारला आणि सत्ता कोवळ्या योरिइएकडे आली. १२०३ मध्ये तो खूप आजारी पडला. त्याचं आजोळ होजो घराण्याचं. आजोबा तोकिमासा यांनी संधी साधून त्याच्या सासऱ्याचं हिकी घराणं कापून काढलं. योरिइएचा लहान मुलगाही त्यात गेला. तिकडे क्योतोला दरबारात दूत पोचला : शोगुन १ तारखेला वारले, धाकट्या भावाची नेमणूक व्हावी. दरबारी उमरावांच्या रोजनिश्यांत तशी नोंद आहे. पण योरिइए बरा झाला! कागदोपत्री मेलेला माणूस उठून बसला की काय होतं हे आमच्या खात्यात पेन्शनच्या प्रकरणांत पाहायला मिळतं. तिथे निदान हयातीचा दाखला तरी चालतो. योरिइएला सक्तीने भिक्षू करून शुझेन्जीला पाठवलं. दहा वर्षांपूर्वी, ११९३ मध्ये, त्याचा काका नोरियोरी यालाही बापाने इझूलाच धाडलं होतं. त्याचीही कबर याच गावात दाखवतात.

इथून योरिइएने घरी पत्र लिहिलं : या डोंगरात एकटेपणा सोसवत नाही, माझी जवळची माणसं तेवढी पाठवा. उत्तर आलं की माणसं मिळणार नाहीत, आणि यापुढे पत्रही लिहू नये.

१२०४ च्या सातव्या चांद्रमासात, 'आझुमा कागामी' या कामाकुराच्या बखरीत ती नोंद येते : इझूहून जासूद आला, काल १८ तारखेला योरिइए, वय २३, शुझेन्जी इथे निवर्तले. बस्स. ही बखर होजोंच्याच अमलात लिहिली गेली, हे लक्षात ठेवायला हवं. जिएन नावाच्या क्योतोच्या भिक्षूने मात्र आपल्या ग्रंथात स्पष्ट लिहून ठेवलं की गळ्याला दोरी आवळून आणि गुप्तांग पकडून त्याला मारलं. लोककथा म्हणते, न्हाणीघरात मारलं. दुसरी म्हणते, पाण्यात लाखेचा विषारी चीक घातला, त्याने अंग सुजलं, आणि तो सुजलेला चेहरा आईला दाखवायला मुखवटा कोरला. मुखवटा देवळात आहे. तो पाहूनच ओकामोतो किदो यांनी नाटक लिहिलं, ते १९११ मध्ये तोक्योत रंगमंचावर आलं. मला जिएनची साक्ष पुरेशी वाटते. आमच्याकडेही नारायणरावाच्या १७७३ च्या खुनाला 'ध'चा 'मा' हवाच असतो. सत्तेच्या लोभाने घरच्यांनीच मारलं, एवढं म्हणून आपलं भागत नाही.

योरिइएची समाधी नदीपलीकडे टेकडीवर आहे. समोरचा मोठा दगड देवळाच्या महंतांनी १७०३ मध्ये, पाचशेव्या पुण्यतिथीला उभारला. मूळच्या लहान शिळा त्याच्या मागे लपल्या आहेत. शेजारी 'शिगेत्सुदेन' नावाचं साधं लाकडी देऊळ आहे, इझूतली सर्वांत जुनी लाकडी इमारत म्हणून ते दाखवतात. आत बुद्ध बसला आहे, त्याच्या हातात कमळ. हे देऊळ बांधलं योरिइएची आई मासाको हिने. तिचा बाप तोकिमासा, तिचा भाऊ योशितोकी. मुलाला संपवलं ते तिच्या माहेराने. तिला किती ठाऊक होतं, यावर जपानी अभ्यासक अजून वाद घालतात.

या देवळाला तिने चीनमध्ये छापलेले बौद्ध ग्रंथ दिले होते. त्यांतला प्रज्ञापारमितेचा एक खंड शुझेन्जीत शिल्लक आहे. त्यावर तिच्या हातची शाईची एक ओळ आहे. ग्रंथ योरिइएच्या सद्गतीसाठी अर्पण केल्याचं तीत म्हटलं आहे. अधिकारावरून काढून, मुंडन करून, पत्र लिहायलाही बंदी केलेल्या त्या मुलाचा उल्लेख तीत पूर्ण पदवीनिशी, महासेनापती शोगुन असा आहे. स्वतःचं नाव तिने घातलेलं नाही. फक्त 'भिक्षुणी' एवढंच लिहिलं आहे.