जाळ्यापुढची जागा

बॅडमिंटनच्या इतिहासावर कर्जतच्या माणसाने लिहायला बसावे, हे ऐकून कुणालाही थोडे हसू येईल. आमचा तालुका जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. पण माझ्या पिढीच्या तोंडात अजून नगरच बसलेले आहे. ज्वारी, लिंबे, रेहेकुरीची काळविटे, सिद्धटेकचा गणपती, राशीनची देवी आणि दर चार-सहा वर्षांनी येणारा दुष्काळ, एवढीच आमची बाहेरच्या जगाला ओळख. या यादीत बॅडमिंटनला जागा नाही. तरीही मी या खेळाच्या नादी लागलो, आणि त्यातही त्याच्या सर्वांत उपेक्षित प्रकाराच्या, म्हणजे मिश्र दुहेरीच्या.

मी १९६९ साली इथल्या शाळेत मास्तर म्हणून लागलो. त्या वेळी सरकारी कचेऱ्यांमागच्या मोकळ्या जागेत अंमलदार मंडळींनी एक कोर्ट आखलेले होते. चव्वेचाळीस फूट लांब, वीस फूट रुंद, शेणाने सारवलेले आणि चुन्याच्या रेघा मारलेले. आम्ही शटलला फूल म्हणत असू, आणि ते खरोखर फुलासारखेच नाजूक असे. आषाढातला आमच्याकडचा वारा म्हणजे वाराच. मारलेले फूल पलीकडे जाण्याऐवजी शेजारच्या बाभळीत जाऊन बसे. म्हणून खेळ पहाटेचा, वारा सुटण्याच्या आधीचा. एका मामलेदारांच्या पत्नी पुण्याच्या होत्या. त्या नवऱ्याबरोबर खेळत. ते पाहून मी आमच्या घरी विषय काढला. आमची मंडळी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. महिनाभर तिने ऐकून घेतले आणि एके दिवशी पहाटे सहावारीचा पदर खोचून ती कोर्टावर उभी राहिली. चार दिवसांत तिने कामाची वाटणीही करून टाकली. "अहो, पुढचं माझं. मागचं तुम्ही बघा, आणि माझ्या डोक्यावरून जाईल त्याला हात लावू नका असं मला सांगू नका." मिश्र दुहेरीचे सारे शास्त्र या दोन वाक्यांत आले आहे, हे मला पुढे पुस्तके वाचल्यावर कळले.

हा खेळ मूळचा कोणाचा, यावर वाद घालणारे घालोत. फूल आणि फळी घेऊन खेळण्याचे प्रकार अनेक देशांत जुने आहेत. पण मध्ये जाळे बांधून, रेघा आखून, नियम ठरवून खेळण्याची रीत इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हिंदुस्थानात घेतली, आणि तिचे पहिले नियम १८७३ च्या सुमारास पुण्याच्या छावणीत तयार झाले असे मानतात. काही काळ या खेळाचे नावच 'पूना' होते. पुढे ड्यूक ऑफ बोफर्टच्या बॅडमिंटन नावाच्या वाड्यावरून त्याला आजचे नाव पडले. हिंदुस्थानातून परतलेल्या अधिकाऱ्यांनी १८७५ साली फोकस्टोन येथे क्लब काढला, १८९३ साली इंग्लंडची बॅडमिंटन संघटना निघाली. छावणीच्या बंगल्याबंगल्यांतून हा खेळ वाढला तो साहेब आणि मडम यांच्या एकत्र करमणुकीचा म्हणून. त्यामुळे १८९९ साली लंडनला पहिली अखिल इंग्लंड स्पर्धा झाली तेव्हा तीत एकेरीचा सामना नव्हताच. पुरुषांची दुहेरी, स्त्रियांची दुहेरी आणि मिश्र दुहेरी, इतकेच. एकेरी आली दुसऱ्या वर्षी, १९०० साली.

म्हणजे मिश्र दुहेरी ही या घराण्यातली थोरली मुलगी. पण घरात तिला काय वागणूक मिळाली पाहा. १९९२ साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनला प्रथम पदकांचा मान मिळाला. एकेरीचे दोन आणि दुहेरीचे दोन असे चार सामने घेतले, आणि पाचवी मिश्र दुहेरी दाराबाहेर उभी राहिली. तिला आत घेतले चार वर्षांनी, अटलांटाला, १९९६ साली.

आपल्याकडे बायकांनी रॅकेट हातात धरण्याचा प्रश्न निघाला की पुण्याच्या देवधरांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. प्रा. दि. ब. देवधर हे स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व करून रणजी करंडक आणीत. त्यांच्या तारा, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुली बॅडमिंटन खेळल्या आणि १९४० नंतरच्या दशकात राष्ट्रीय अजिंक्यपदे त्यांनी घरात आणली. त्या काळी सदाशिव पेठेत सायकलवरून जाणाऱ्या मुलीकडेही माना वळत. तिथे या बहिणी परगावी जाऊन स्पर्धा जिंकत होत्या. संस्कृतच्या प्राध्यापकाने हे आपल्या घरात सहज होऊ दिले, ही गोष्ट मला त्यांच्या शतकांपेक्षा मोठी वाटते.

पुरुषांमध्ये मराठी नाव म्हणजे नंदू नाटेकर. जन्म सांगलीचा, १९३३ चा. प्रारंभी टेनिस खेळत. पुढे बॅडमिंटनकडे वळले आणि विसाव्या वर्षी राष्ट्रीय विजेते झाले. १९५६ साली क्वालालंपूरला सेलांगोर स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू झाला, तेव्हा बॅडमिंटनचा पहिला मान त्यांचाच. हे सर्वांना पाठ असते. सहा वेळा एकेरीत आणि सहा वेळा दुहेरीत राष्ट्रीय अजिंक्य ठरलेल्या नाटेकरांनी पाच वेळा मिश्र दुहेरीही जिंकली, हे मात्र फार थोड्यांना आठवते. १९६२ साली बँकॉकच्या किंग्ज कप स्पर्धेत त्यांनी मीना शहा यांच्याबरोबर मिश्र दुहेरीचे विजेतेपद मिळवले. मीना शहा लखनौच्या. १९५९ पासून सलग सात वर्षे भारताच्या एकेरीतील विजेत्या. दोन एकेरीचे राजे एकत्र आले की मिश्र दुहेरी जिंकायची, अशी त्या काळची रीत होती. मिश्र दुहेरी हा स्वतःचा धंदा नव्हता. तो मोठ्या खेळाडूचा उरलासुरला संध्याकाळचा वेळ होता. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत लेरॉय डिसा आणि कंवल ठाकुर सिंग यांनी मिश्र दुहेरीत कांस्यपदक घेतले, तेव्हाही बोलबाला झाला तो एकेरीच्या सय्यद मोदींचाच.

हे दुय्यमपण आमच्या वाट्यालाही आले. बहात्तरच्या दुष्काळात आमचा खेळ बंद पडला होता. प्यायला पाणी नाही तिथे सारवायला कुठून आणणार? आणि आणले असते तरी गावाच्या डोळ्यांदेखत मैदानावर शिंपडण्याची आमची छाती नव्हती. चौऱ्याहत्तर साली पुन्हा कोर्ट आखले. त्या हिवाळ्यात आम्ही दोघांनी जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या एका स्पर्धेत मिश्र दुहेरीसाठी नावे दिली. पहाटेची एस. टी. धरून गेलो. तिथे कळले की तीनच जोड्यांची नावे आली, सबब हा सामना रद्द. मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही पुरुषांच्या दुहेरीत खेळा, जोडीदार आम्ही देतो." आणि हिला, एवढ्या लांबून आलात म्हणून, स्टेनलेस स्टीलचे एक पातेले दिले. मी खेळलो. हे लिहिताना आज मला त्याची लाज वाटते, पण खेळलो हे खरे. ती पातेले मांडीवर घेऊन कडेला बसून होती. परतीच्या गाडीत मिरजगाव येईपर्यंत आमच्यात एक शब्द झाला नाही.

म्हणूनच पुढे ज्वाला गुट्टा हे नाव वर्तमानपत्रात दिसू लागले, तेव्हा आमच्या घरी ते वेगळ्या डोळ्यांनी वाचले गेले.

ज्वाला हैदराबादची, असे सगळे म्हणतात, आणि खेळ ती तिथेच शिकली, एस. एम. आरिफ यांच्या हाताखाली. पण तिचा जन्म आपल्या वर्ध्याचा, ७ सप्टेंबर १९८३ चा. तो वर्ध्यालाच का, याची कथा कादंबरीत शोभावी अशी आहे. तिची आई येलन चिनी. येलनचे आजोबा त्सेंग हे तरुणपणी गांधीजींच्या सहवासात राहिलेले विद्वान. गांधीजींचे आत्मचरित्र आणि इतर लेखन चिनी भाषेत आणावे या ओढीने ते १९७७ साली पुन्हा भारतात आले, तेव्हा नात बरोबर होती. सेवाग्रामच्या त्या परिसरात येलनची गाठ तेलुगू क्रांती गुट्टा यांच्याशी पडली. भाषांतराच्या पायी चीनमधून वर्ध्यापर्यंत आलेल्या घराण्यात डावखुरी बॅडमिंटनपटू जन्माला यावी, याचा विचार करीत मी एकदा सबंध दुपार घालवली आहे.

ज्वालाचे वेगळेपण असे की तिने एकेरीचा मोह वेळीच सोडला. सतराव्या वर्षी ती कनिष्ठ गटात राष्ट्रीय विजेती होती, आणि श्रुती कुरियनबरोबर तिने स्त्रियांची राष्ट्रीय दुहेरी पुढे वर्षामागून वर्षे जिंकली. पण जगात तिचे पाऊल रोवले ते मिश्र दुहेरीत, केरळच्या व्ही. दिजूच्या जोडीने. तो उजव्या हाताने खेळणारा, ती डाव्या. अशी जोडी प्रतिपक्षाला नकोशी असते. दोघांचे मारण्याचे कोन निरनिराळे, आणि कोणती बाजू दुबळी हे चटकन समजत नाही. मिश्र दुहेरीत स्त्री जाळ्याजवळ उभी राहते आणि पुरुष मागे. याचा अर्थ नवखे लोक असा घेतात की जड काम त्याचे आणि हलके तिचे. वास्तविक प्रतिपक्षाचा सगळा डाव तिच्यावरच असतो. तिला हुलकावणी देऊन मागे ओढायचे, तिच्या अंगावर फूल मारायचे, तिच्या सर्व्हिसवर धाड घालायची. फूल जाळ्यावरून किंचित उंच आले की तिने ते निमिषात मारलेच पाहिजे. विचार करायला वेळ मागे उभ्या असलेल्याला असतो, तिला नसतो. शिवाय ज्वालाला मागे ओढले तर तिथूनही ती जोराने मारी, आणि ओढणाऱ्याचाच हिशेब चुके.

२००९ हे या जोडीचे वर्ष. हैदराबादच्या जागतिक स्पर्धेत दोघे उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेले. त्याच साली त्यांनी चिनी तैपेईची ग्रां प्री गोल्ड स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात इंडोनेशियाच्या हेंद्रा गुणवान आणि विता मरिसा यांना हरवले. त्या दर्जाची स्पर्धा जिंकणारी ही पहिली भारतीय मिश्र जोडी. डिसेंबरात मलेशियातल्या जोहोर बाहरू येथे वर्षातल्या निवडक जोड्यांची सुपर सिरीजची अंतिम स्पर्धा झाली. तीत दोघे शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचले आणि डेन्मार्कच्या योआखिम फिशर निल्सन व क्रिस्टिना पेडरसन यांच्याकडून हरले. पुढच्या वर्षी जागतिक क्रमवारीत त्यांचा क्रमांक सहावा होता. आमच्याकडे येणाऱ्या वर्तमानपत्रात जोहोर बाहरूची बातमी चार ओळींची होती. हिने ती कापून ठेवली.

धंदेवाईक खेळाडूचे आयुष्य बाहेरून वाटते तितके झगमगीत नसते. दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळणारी बक्षिसाची रक्कम एकेरीच्या विजेत्याहून किंचितच अधिक असते, आणि ती दोघांत वाटायची असते. प्रवास मात्र दोघांचा, दुखणी दोघांची. एक जायबंदी झाला की दुसऱ्याचीही कमाई थांबते. दिजूला दुखापतींनी गाठले. दोघे २०१२ च्या लंडन ऑलिंपिकला पात्र ठरले, पण गटातले तिन्ही सामने हरले. ज्वाला त्या ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या दुहेरीतही खेळली. एकाच ऑलिंपिकमध्ये दोन प्रकारांत खेळणारी ती पहिली भारतीय बॅडमिंटनपटू. त्याआधी अश्विनी पोनप्पाबरोबर तिने २०१० साली राष्ट्रकुल सुवर्ण आणि २०११ साली लंडनला जागतिक स्पर्धेचे कांस्य मिळवले होते. जागतिक स्पर्धेत भारताला त्यापूर्वीचे पदक मिळवून दिले होते प्रकाश पदुकोण यांनी, १९८३ साली, ज्वालाच्या जन्मवर्षी.

एवढे होऊनही २०१३ साली देशातली बॅडमिंटन लीग सुरू झाली तेव्हा स्त्रियांची दुहेरी आराखड्यातून गळाली, आणि ज्वाला व अश्विनी यांची पायाभूत बोली पन्नास हजार डॉलरवरून पंचवीस हजारांवर आणली गेली. ज्वालाने उघड राग व्यक्त केला. ती फार बोलते, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. मला त्या बोलण्याचे नवल वाटले नाही. मला आठवले ते मांडीवरचे पातेले. दिजूला अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१४ साली, म्हणजे त्यांचे चांगले दिवस सरल्यावर.

त्यानंतर अश्विनी तनिषा क्रास्टोबरोबर खेळू लागली. तनिषा गोव्याच्या घराण्यातली, जन्म दुबईचा, २००३ चा. ईशान भटनागरच्या जोडीने तिने २०२२ साली लखनौची सय्यद मोदी स्पर्धा मिश्र दुहेरीत जिंकली. २०२५ च्या पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत ध्रुव कपिलाबरोबर ती उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली. ऑलिंपिकमध्ये मात्र लंडननंतर २०१६ ला रिओत, २०२१ ला टोकियोत आणि २०२४ ला पॅरिसमध्ये भारताची मिश्र जोडी नव्हती.

पॅरिसचे ऑलिंपिक सुरू होण्याच्या सुमारास मी भारतीय खेळाडूंची यादी मोठ्याने वाचत होतो. हिचे गुडघे गेले आहेत, कान शाबूत आहेत. ओट्यापाशी बसून तिने विचारले, "मिश्रमध्ये कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"सामना आहे ना पण?"

"सामना आहे. आपली जोडी नाही."

तिने कोमट दुधाला विरजण लावले आणि झाकण ठेवले. विरजणाचे पातेले तेच आहे, नगरहून आणलेले. बुडाशी थोडे चेपले आहे, पण अजून गळत नाही.