राख ओढणारा खडा आणि छपरावरची फिल्म

दाबातून वीज देणाऱ्या प्लास्टिकविषयी बोललो की एक प्रश्न हमखास येतो: "हीच फिल्म तापलेल्या पत्र्याच्या छपरावर अंथरली तर घरातला पंखा फिरेल का?" उत्तर 'नाही' असं आहे. पण का नाही, हे सांगायला मला तीनशे वर्षं मागे जावं लागतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी सिलोनहून, म्हणजे आजच्या श्रीलंकेतून, एक खडा युरोपात नेला. तापवला की तो राख स्वतःकडे ओढायचा. डच त्याला 'राख ओढणारा' म्हणत. हाच टूर्मलीन, आपला तोरमल्ली. १७५६ मध्ये एपिनसने दाखवलं की गरम खड्याच्या दोन टोकांवर विरुद्ध विद्युतभार असतात. १७५९ मध्ये जॉन कँटनने खरी मेख शोधली. वीज उष्णतेमुळे नव्हे, तर तापमान बदलल्यामुळे येते. खडा तापताना जे टोक धन असतं, तेच थंड होताना ऋण होतं.

छपराचा अर्धा प्रश्न इथेच सुटतो. पत्रा दुपारभर ६० अंशांवर स्थिर राहिला, तर फिल्म गप्प बसणार.

उरलेलं अर्धं उत्तर १८२४ सालात आहे. त्या वर्षी डेव्हिड ब्रूस्टरने या गुणधर्माला 'पायरोइलेक्ट्रिसिटी' हे नाव दिलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये २८ वर्षांच्या सादी कार्नोने एक छोटं पुस्तक छापलं. त्याचं म्हणणं असं, की उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम मिळेल हे गरम आणि थंड बाजूंच्या तापमानांवरच ठरतं. यंत्र कशाचं बनवलंय यावर नाही. गुणधर्माचं बारसं आणि त्याची मर्यादा, दोन्ही एकाच वर्षातली!

पुढे १८८० मध्ये क्युरी बंधूंनी दाबविद्युत शोधली. १९६९ मध्ये जपानच्या कावाई यांना पीव्हीडीएफ या प्लास्टिकमध्ये ती जोरदार आढळली. फिल्म ताणायची, तापवून तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवायची आणि तशीच थंड करायची, की तिच्यातले रेणू एका दिशेला वळून राहतात. १९७१ मध्ये बेल लॅब्समध्ये दिसलं की ही फिल्म तापमानबदलालाही वीज देते. दोन्ही गुण एकमेकांत गुंतलेले आहेत: तापली की फिल्म प्रसरण पावते, आणि विजेचा मोठा वाटा त्या प्रसरणातून येतो.

आता हिशोब करू. एक चौरस मीटर फिल्म, जाडी २८ मायक्रॉन, वजन सुमारे ५० ग्रॅम. ती २७ अंशांवरून ३७ अंशांवर न्यायला साधारण ६०० जूल उष्णता लागते. एका तापण्यात वीज मिळते सुमारे १० मिलिजूल. ६०० जुलांत ६० किलोचा माणूस एक मीटर उचलता येईल. १० मिलिजुलांत फक्त एक ग्रॅम. कार्नोच्या नियमाने या तापमानांत शंभरातले तीन भाग मिळू शकले असते. फिल्म देते लाखातले दीड-दोन.

मग संशोधक हरले का? नाही. १९८० च्या दशकात रँडल ओल्सेन यांनी फिल्म नुसती तापवण्याऐवजी ठरावीक तापमानाला तिच्यावर व्होल्टेज चढवायचं आणि उतरवायचं, असं चक्र वापरलं. १९८५ मध्ये त्यांनी ते पीव्हीडीएफच्या भावंडावर, एका सहबहुवारिकावर, करून दाखवलं. साध्या तापवण्यापेक्षा वीज कितीतरी पट वाढली. पण त्यासाठी फिल्म आळीपाळीने गरम-थंड करावी लागते, आणि कार्नोची भिंत तशीच उभी राहते.

म्हणून कोणी या फिल्मची कार्यक्षमता टक्क्यांत सांगितली, की मी आधी विचारतो: टक्के कशाचे? दिलेल्या एकूण उष्णतेचे, की कार्नोच्या मर्यादेचे? आपल्या उदाहरणात कार्नोच्या मर्यादेचे पन्नास टक्के गाठले, तरी एकूण उष्णतेचे दीडच टक्के हाती लागतात. छापील आकडा मात्र 'पन्नास' दिसतो, आणि त्या आकड्यावर कुणीतरी पैसे घालतो.

पंखा फिरवायला ही फिल्म कामाची नाही. पण उष्णतेतला बारीकसा बदल टिपायला तिची इवलीशी वीज पुरते, आणि संवेदकांमध्ये ती त्यासाठीच वापरली जाते. खडा राखच ओढायचा, गाडी नाही. आपण त्याच्याकडून गाडीची अपेक्षा केली, तर चूक खड्याची नव्हे.