विहारातली चूल



संघ विहाराला निघाला की आपल्यात पहिला प्रश्न असतो, "चौक्यात कोण कोण चाललंय?" महाराज कुठून निघाले, मुक्काम कुठे झाला, पारणं कोणाच्या घरी झालं, हे सगळं पुढे पुस्तकांत येतं. संघपतींचं नाव येतं, दानदात्यांची नावं येतात. संघाबरोबर चालणारी चूल मात्र कुठे लिहिलेली सापडत नाही. ती कोणी उचलली, कोणी मांडली, तिच्यात काय जळलं आणि तिचा धूर कोणाच्या डोळ्यांत गेला, हे आपल्या आज्या-सासूबायांच्या बोलण्यातूनच कळतं. म्हणून आज तिच्याविषयी लिहिते.

आमचं साखरा हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यातलं. वर वाशीम जिल्ह्यात शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, खाली आपल्याच जिल्ह्यात शिरड शहापूरचे मल्लिनाथ भगवान, जिंतूरकडे नेमगिरी. एका क्षेत्राहून दुसऱ्याकडे जाणाऱ्या त्यागींचा विहार या मुलखातून व्हायचाच. २०२२ साली आचार्य विद्यासागर महाराजांचा चातुर्मास शिरपूरला झाला, तेव्हा तर कितीतरी घरांचे डबे, पातेली आणि चुली बाहेर निघाल्या.

चूल सोबत का न्यावी लागते?

परगावची पाहुणी कधी विचारते, "घरून डबा करून नेला तर?" आपल्याला कारण माहीत आहे, पण एकदा नीट मांडून पाहू या, कारण चुलीचा सगळा इतिहास त्यातूनच निघतो.

चौक्यात प्रत्येक वस्तूला मर्यादा आहे. पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ आणि हिवाळ्यात ७ दिवस. गाळलेलं पाणी एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं. तेच चांगलं उकळलं तर २४ तास. दूध काढलं की गाळून ४८ मिनिटांच्या आत तापवायचं. शिजवलेलं अन्न आदल्या दिवसाचं चालत नाही, आणि दिवस मावळल्यावर चूल पेटवायची नाही. आहार दिवसातून एकदाच, तोही सकाळच्या वेळी. त्यात मुनींसाठी म्हणून वेगळं रांधलेलं त्यांना चालत नाही. श्रावकाने आपल्या घरासाठी शुद्ध रांधायचं आणि त्यातलं द्यायचं. मग रस्त्यावर जिथे घरच नाही, तिथे घर न्यावं लागतं. घर न्यायचं म्हणजे जातं, गाळणं, कळशी आणि चूल न्यायची.

यात्रेकरू दशम्या बांधून नेतो. वाटेत चूल मांडली नाही तरी त्याचे दोन दिवस निघतात. चौक्याला तसं करता येत नाही.

तीन दगडांचा मुलूख

फिरती चूल आपण एकट्यांनीच वापरली असं नाही. आपला हा भाग चालत्या माणसांचाच. बंजारा समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून याच वाटांनी जात. संत नामदेवांची नर्सी आपल्या शेजारी आहे. इकडच्या दिंड्या पंढरपूरला निघाल्या की शिधा, पातेली सगळं बरोबर. हिंगोलीला निजामाच्या हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. १९०३ साली ती फौज इंग्रजांच्या हिंदी सैन्यात मिळवली गेली. त्या काळी कूच करताना देशी शिपाई मुक्कामावर आपापली चूल मांडून आपापलं रांधत. जातीचे आणि सोवळ्याचे नियम सगळ्यांनाच होते.

या सगळ्यांची चूल एकच होती. तीन दगड, मध्ये काटक्या. ओझं नाही, पैसा नाही, फुटायची भीती नाही, उठताना तिथेच सोडून जायची. मात्र ती जाळायला खादाड. वारा लागला की जाळ एकीकडे आणि पातेलं दुसरीकडे. लाकडातल्या उष्णतेचा साधारण १० ते १५ टक्केच भाग भांड्यापर्यंत पोचतो, उरलेला हवेत जातो.

चौक्याला तीन दगड पुरत नसत, याचं कारण आणखी वेगळं. शेतातला दगड उचलला की खाली विंचू, मुंग्या, वाळवी. जमीन न पाहता, न झाडता तिच्यावर जाळ करायचा नाही, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं. म्हणून जमिनीपासून उचललेली, पाय असलेली चूल आपल्या बायकांनी आधीच पसंत केली. सोय पुढे पाहिली, आधी जीवदया पाहिली.

शिखरजीचा मोठा विहार

आचार्य शांतिसागर महाराजांनी १९२० साली मुनिदीक्षा घेतली, १९२४ साली समडोळीला त्यांना आचार्यपद मिळालं. १९२७ साली मुंबईचे पूनमचंद घासीलाल जव्हेरी यांच्या घराण्याने संघ काढला आणि कुंभोजच्या बाहुबलीहून महाराज सम्मेदशिखरजीकडे पायी निघाले. १९२८ साली संघ शिखरजीला पोचला. दक्षिणेतल्या दिगंबर मुनींचा संघ उत्तरेकडे इतका लांब पायी जाणं लोकांना नवलाचंच होतं.

आता हा विहार चुलीच्या बाजूने पाहा. दक्षिण महाराष्ट्रातून आजच्या झारखंडापर्यंत रोज नवा मुक्काम. रोज पहाटे पुढे जायचं, विहीर शोधायची, पाणी काढायचं, गाळायचं आणि जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची. मग जागा झाडून चूल मांडायची. सरपण कुठे बाभळीचं, कुठे सागाच्या फांद्यांचं, कुठे ओलंच. दव पडलेलं असो की वारा सुटलेला, पडगाहनाच्या वेळेआधी सगळं तयार पाहिजे, कारण महाराज एकदाच येणार आणि अंतराय झाला तर तसेच परतणार. असं महिनोन्‌महिने.

१८ सप्टेंबर १९५५ रोजी कुंथलगिरीला महाराजांची सल्लेखना पूर्ण झाली. कुंथलगिरी आपल्या मराठवाड्यातलं, त्यामुळे इकडच्या पुष्कळ घरांत त्या दिवसांच्या आठवणी आहेत. माझ्या आजेसासूबाई तिकडे गेल्या होत्या. त्या सांगत, "दर्शनाला उभं राहायला वेळ कमी आणि चुलीपुढे बसायला जास्त. पण तेही दर्शनच होतं बाई."

डबा, भुसा आणि लोखंड

त्याच सांगत, की आधी मातीची शेगडी गाडीत गवत घालून न्यायच्या. खाचखळग्यात तिचा काठ हमखास उडे. पुढे गोड्या तेलाचे पत्र्याचे डबे घरोघर आले. डबा वरून उघडायचा, खाली एका बाजूला सरपणासाठी तोंड कापायचं, मध्ये दोन सळया घालायच्या आणि आतून माती लिंपायची. झाली चूल! हलकी, कडीने उचलता येणारी, तिन्ही बाजूंनी वारा अडवणारी.

दुसरी भुशाची शेगडी. मधोमध बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली अलगद काढून घ्यायची. मध्ये पोकळ नळी राहते, खालून पेटवलं की तासन्‌तास एकसारखा जाळ. पाणी उकळायला उत्तम. भाकरीला मात्र तिचा उपयोग नाही.

आणि लोखंडी शेगडी, कोळशाची. तिचा धूर कमी, पण बंद खोलीत ती जिवावर बेतू शकते. कोळशाच्या विषारी वायूला ना रंग ना वास. मुक्काम शाळेच्या खोलीत असो की धर्मशाळेत, निखाऱ्याची शेगडी दार-खिडकी लावून ठेवायची नाही, हे नव्या सुनांना आवर्जून सांगा.

सरपणाचंही शास्त्र होतं. आमच्याकडे पऱ्हाट्या आणि तुराट्या भरपूर. त्या पटकन पेटतात, पटकन विझतात. साल सुटलेलं, भोकं पडलेलं लाकूड चौक्यात वर्ज्य, कारण आत कीड असते. आमच्या घरी गोवरीही चौक्यात चालत नसे, त्याच कारणाने. प्रत्येक काटकी हातात घेऊन, आपटून, पाहून मगच चुलीत घालायची. आगपेटीआधी डोळे वापरायचे, असं सासूबाई म्हणत.

धुराकडे कोणी पाहिलं?

आपला हा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. त्याच हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली आणि १९५३ साली 'स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स' हे पुस्तक लिहिलं. लाखो घरांची स्वयंपाकघरं धुराविना असावीत, हा त्यांचा ध्यास. इकडे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कार्यकर्त्यांनी 'मगन चूल' केली. सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८३ च्या सुमारास सुरू झाला. पुढच्या वीसेक वर्षांत तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक भिंतीला जखडलेल्या, मातीच्या. बंगळूरच्या केंद्रीय विद्युत संशोधन संस्थेची पत्र्याची 'प्रियाग्नी' मात्र उचलून नेता येणारी होती.

पुण्याच्या 'आरती' या संस्थेत डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याची रीत बसवली. तिला २००२ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'सराई' कुकरमध्ये साधारण १०० ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर पाच माणसांचा वरण-भात शिजतो. आणि डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांच्या कामातून 'संपदा' ही वायू करून जाळणारी चूल आली.

'वायू करून' म्हणजे काय, ते समजून घेण्यासारखं आहे. लाकूड थेट जळत नाही. ते तापलं की त्यातून वायू सुटतो आणि तो वायू जळतो. पुरेशी गरम हवा मिळाली नाही की तोच वायू न जळता वर जातो. त्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे वाया गेलेलं सरपणच. नव्या चुलीला पत्र्याच्या दोन भिंती असतात. खालच्या भोकांतून शिरलेली हवा दोन भिंतींमधून वर चढताना तापते आणि वरच्या काठाच्या भोकांतून आत येऊन त्या वायूला जाळते. सुरुवातीला धूर, मग वर निळसर-पिवळ्या जाळाचं कडं. अमेरिकेतल्या थॉमस रीड यांनी १९८५ च्या सुमारास ही वरून पेटवायची रीत मांडली. आज सह्याद्रीत किंवा हिमालयात पाठीवर सामान घेऊन चालणारी मुलं जी डब्याएवढी चूल नेतात, ती याच घराण्यातली. वजन पाव किलोच्या आसपास, इंधन वाटेत पडलेल्या वाळक्या काड्या. माझ्या भाच्याने तशी एक आणली, तेव्हा सासूबाईंनी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "आमच्या डब्याला भोकं पाडायचीच राहिली होती की!"

धर्माच्या बाजूने

आता खरा प्रश्न. चौक्यात गॅस चालावा की लाकूडच हवं, यावर आपल्या मंडळांत शब्दाला शब्द लागतो. काही संघांत गॅस चालतो, काही त्यागी लाकडाच्या नाहीतर कोळशाच्याच चुलीवरचं घेतात. तो त्यांचा नियम, त्यावर मी बोलणारी कोण? शिवाय शिखरजीला रेल्वेने जाताना सिलिंडर नेताच येत नाही. म्हणजे लाकडाची चूल आपल्या हातून इतक्यात सुटणार नाही.

पण लाकूड जाळायचंच असेल तर ते कसं जाळायचं, हे आपल्या हातात आहे. अग्निकाय जीव आपण मानतो. गृहस्थाच्या घरात जिथे हिंसा टळत नाही अशी पाच ठिकाणं शास्त्राने सांगितली, त्यांत उखळ, जातं, पाणी आणि केरसुणीबरोबर चूल आहे. म्हणून जिथे आग लावायची तिथे कमीत कमी लावायची. अर्ध्या सरपणात तेच पातेलं उकळत असेल तर ती यत्नाचारातलीच गोष्ट आहे. तिला 'नवी फॅशन' म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

आणि धुरात बसणारी बाईही पंचेंद्रिय जीवच आहे ना? मुनींच्या आहाराच्या ४६ दोषांत 'अंगार' आणि 'धूम' अशी दोन नावं आहेत. आसक्तीने घेतलेला आहार अंगारदोषाचा, नावं ठेवत, नाखुशीने घेतलेला धूमदोषाचा. जाळ आणि धूर मनातलाही असतो, हे पूर्वजांना ठाऊक होतं. डोळे चोळत, खोकत, चिडत रांधणाऱ्या बाईकडून मनशुद्धीची अपेक्षा आपण कशी करायची? माझ्या आजेसासूबाईंच्या डोळ्यांतून अखेरची कितीतरी वर्षं सतत पाणी यायचं. घरात सगळे म्हणत, वयाचं आहे. चाळीस वर्षं विहाराच्या चुली फुंकलेली ती बाई. फुंकणी मात्र आम्ही अजून जपून ठेवली आहे.

तेव्हा पुढच्या विहाराला निघताना एवढं करा. सरपण आठ दिवस आधी उन्हात वाळवा आणि बोटभर जाडीचं फोडून घ्या. ओलं लाकूड सर्वांत जास्त धूर करतं. दुहेरी भिंतीची चूल जमिनीपासून उंच, विटांवर ठेवा. काड्या एकदम कोंबू नका, थोड्या थोड्या घाला. पातेल्यावर झाकण ठेवा. चूल उघड्यावर, वाऱ्याला आडोसा करून मांडा. आणि चुलीपुढे एकच सून दिवसभर बसणार नाही, पाळी लावा.

आणखी एक मागणं. तुमच्या घरात विहारातल्या चौक्याला गेलेली आजी, मावशी, आत्या असेल तर तिला विचारा, चूल कसली होती, सरपण कुठून आणलंत, पाऊस आला तर काय केलंत. ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा, गाव आणि साल घालून. संघाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ते पान कोरं सोडलंय. भरायचं आपल्यालाच आहे.