आंबट कोठडी आणि चोरवाट

विषाणूंचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे साथी, टोचण्या आणि रुग्णालये उभी राहतात. मला मात्र त्यातील एक आडवळणाचे प्रकरण फार मोलाचे वाटते. ते घडले काचेच्या बशीत.

बेल्जियममधील क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९५५ साली पेशीतील एका अंगकाला लायसोसोम हे नाव दिले. मराठीत ती लयकारिका. ही पेशीची पचनकोठीच! आतला रस ताकाइतका आंबट म्हटला तरी चालेल. जे आत पडेल त्याचा फडशा पडावयाचा. मग विषाणूही तेथेच संपत असेल, असे कोणासही वाटावे.

पण १९८० साली हायडेलबर्ग येथे आरी हेलेनियस, काय सिमोन्स व सहकाऱ्यांनी उलटेच दाखविले. युगांडातील सेमलिकी अरण्याच्या नावाचा विषाणू त्यांनी हॅम्स्टरच्या पिल्लाच्या मूत्रपिंडापासून वाढविलेल्या पेशींवर सोडला. पेशी त्याला इवल्या पिशवीत घालून आत ओढी. आंबटपणा लागला की विषाणूचे आवरण पिशवीच्या पटलाशी एकजीव होई आणि त्याचा जनुकीय ऐवज पेशीत उतरे. कोठडी हीच चोरवाट! क्लोरोक्विनने आंबटपणा मोडला की चोर आतच अडके. हे सारे लयकारिकेच्या अलीकडील एंडोसोम नावाच्या पिशवीतच उरकते, हे पुढे कळले.

चाळीस वर्षांनी, २०२० साली, कोरोनाच्या साथीत हे ज्ञान पुन्हा आठवले. व्हेरो पेशींत, म्हणजे १९६२ साली जपानात आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झालेल्या पेशींत, क्लोरोक्विनने विषाणू रोखला. जगाला आशा वाटली. आपल्याकडेही मार्चमध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने आरोग्यसेवकांसाठी त्याच्या भावंडाची, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची, शिफारस केली.

त्याच वर्षी जर्मन संशोधकांनी मानवी फुप्फुसाच्या पेशींवर हा प्रयोग केला, आणि औषध निष्फळ ठरले. कारण साधे होते. या पेशींच्या पृष्ठभागावरील एक विकर विषाणूला वेशीवरच दार उघडून देते. कोठडीत शिरण्याची त्याला गरजच नाही. ब्रिटनमधील मोठ्या चाचणीत हे औषध घेतलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले. न घेतलेल्यांपैकी २५ टक्के.

बशीतली पेशी खोटे बोलली नव्हती. तिने मूत्रपिंडाची हकीकत सांगितली, जगाने ती फुप्फुसाची समजून ऐकली. म्हणून वाचकहो, उद्या कोणी नव्या रामबाण औषधाची वार्ता आणली, तर मी आधी एवढेच विचारीन : प्रयोग कोणाच्या पेशीवर केला?