मेजेल्ले : शरियतची कलमं

शरियत म्हणजे एक ठरलेलं पुस्तक, असा समज मला नेहमी ऐकू येतो. प्रत्यक्षात शतकानुशतकं तो फकिहांच्या मतमतांतरांचा पसारा होता. एकाच प्रश्नावर हनफी एक सांगत, मालिकी दुसरं; आणि दोन्ही मतं ग्राह्य.

हा पसारा कलमांत बसवण्याचा मोठा प्रयत्न ऑटोमन तुर्कांनी केला. अहमद जेवदेत पाशाच्या समितीनं १८६९ ते १८७६ या काळात ‘मेजेल्ले’ रचली : १६ भाग, १८५१ कलमं. खरेदी-विक्री, भाडं, तारण, साक्षीपुरावा. फ्रेंच कायदाच उचलावा, असं म्हणणारेही दरबारात होते; जेवदेतनं नियम हनफी परंपरेतून निवडले. काळाबरोबर नियम बदलतात, हे तत्त्व ३९व्या कलमातच आहे. विवाह मात्र बाहेर राहिला. १९१७च्या कुटुंब कायद्यानं तो आत घेतला आणि पत्नीला घटस्फोट मागता यावा म्हणून हनफी चौकट ओलांडून मालिकी मताचा आधार घेतला.

मी सॉफ्टवेअर लिहितो. संदिग्धता काढली की लवचीकताही जाते, हे रोज पाहतो. पण इथं प्रश्न मालकीचाही आहे. कलम छापलं की ते फकिहाचं उरत नाही, सरकारचं होतं. आणि सरकार ते रद्दही करू शकतं. १९२६ साली तुर्कस्ताननं मेजेल्ले बाजूला सारून स्वित्झर्लंडच्या धर्तीचा नागरी कायदा स्वीकारला. जॉर्डननं मात्र नवी नागरी संहिता आणली ती १९७६ साली.

म्हणून ‘शरियत लागू करा’ ही मागणी ऐकली की मला विचारावंसं वाटतं : कोणाच्या मताची, आणि कलमं निवडणार कोण?