थकव्याचे कारण आणि मार्माइटची बरणी

दिल्लीत पावसाळा सरला की तापाची साथ ओसरते. पण रुग्णालयांतील एक रांग मात्र ओसरत नाही. ताप जाऊन महिना-दीड महिना उलटलेला असतो, कामावर रुजू होऊन आठवडे झालेले असतात, तरी जिना चढताना धाप लागते आणि दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही, अशा तक्रारी घेऊन आलेल्यांची ही रांग. गुरुग्राम-नोएडातील लांबलेल्या पाळ्या आणि मेट्रोचा रोजचा प्रवास यांमुळे कारण हाताशीच असल्यासारखे वाटते: आजारपण आणि त्यावर अतिश्रम. डॉक्टर तरीही रक्ततपासणी लिहून देतात. तिच्या अहवालात हिमोग्लोबिनच्या खाली 'एमसीव्ही' नावाची एक ओळ असते, म्हणजे तांबड्या रक्तपेशीचे सरासरी आकारमान. साधारण 80 ते 100 फेम्टोलिटर हे प्रमाण. पेशी लहान असेल तर संशय लोहाच्या अभावाचा. मोठी असेल तर फोलेट किंवा बी-12 च्या अभावाचा. बहुतेक रुग्ण ही ओळ वाचतही नाहीत. तिच्यामागचा इतिहास मात्र वाचण्याजोगा आहे, आणि त्याचा महत्त्वाचा भाग मुंबईत घडला.

1928 साली लूसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर मुंबईला आली. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून ती पुढे वैद्यकाकडे वळली होती. तिला बोलावून घेतले होते मार्गारेट बॅल्फोर यांनी. भारतातील स्त्रियांच्या वैद्यकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या या डॉक्टर तेव्हा माता-मृत्यूंच्या कारणांचा शोध घेत होत्या. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत स्त्रिया पांढऱ्याफटक पडत, पावलांना सूज येई, उठून बसण्याचीही शक्ती राहत नसे आणि कित्येकजणी बाळंतपणात किंवा त्यानंतर लगेच दगावत. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या रक्तपेशी संख्येने अगदी कमी, पण आकाराने मोठ्या दिसत.

तयार स्पष्टीकरणांची वाण नव्हती. गिरण्यांचे शहर होते ते. 1922 च्या कारखाना कायद्यानेही आठवड्याला 60 तासांची मुभा दिलेली होती, आणि प्रसूतिरजेसाठी मुंबई प्रांताचा कायदा 1929 मध्ये झाला. तेव्हा कष्ट हे एक कारण ठरे. उष्ण हवामान हे दुसरे; 'उष्ण कटिबंधीय पंडुरोग' हे नावच त्यातून आलेले. आतड्यातील एखादा जंतू किंवा विष हे तिसरे, आणि वारंवारची बाळंतपणे हे चौथे. यांतले एकही स्पष्टीकरण मूर्खपणाचे नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. अडचण एवढीच होती की त्यांतून उपचार निघत नव्हता.

विल्स यांनी हाफकिन संस्थेत काम सुरू केले आणि एस. एन. तळपदे यांच्यासह शहरातील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी केली. ती 1930 मध्ये प्रसिद्ध झाली. घरोघरी काय शिजते, भाजी किती, फळे किती, दूध कोणाच्या वाट्याला येते, हे प्रश्न आज साधे वाटतात. रक्ताच्या विकाराचा शोध स्वयंपाकघरातून घेणे ही तेव्हा रूढ वाट नव्हती. हाती आलेले चित्र बोलके होते. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या स्त्रियांमध्ये हा विकार सारखा पसरलेला नव्हता. ज्यांचा आहार सर्वांत निकृष्ट, त्या गरीब मुस्लिम स्त्रियांमध्ये तो सर्वांत जास्त होता. हवामानाचे स्पष्टीकरण इथेच लंगडे पडले.

पण पाहणी म्हणजे सिद्धता नव्हे. तोच निकृष्ट आहार उंदरांना देऊन पाहिला तर गाभण माद्या पंडुरोगाने मरू लागल्या. यीस्ट दिले की वाचू लागल्या. सारे जुळले असे वाटत असतानाच कळले की उवांमार्फत पसरणारा बार्टोनेला नावाचा जंतू त्या उंदरांचे रक्त खराब करत होता. पाठ्यपुस्तकांतील शोध सरळ रेषेत जातात. हा इथे पुरता अडखळला. विल्स माकडांकडे वळल्या. त्यांतल्या एका अत्यवस्थ माकडाला त्यांनी मार्माइट दिले, आणि ते सुधारले.

मार्माइट हा बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा खारट, काळपट अर्क. इंग्लंडात तो पावाला लावून खातात. 1926 मध्ये मायनॉट आणि मर्फी यांनी घातक पंडुरोगावर यकृत खाऊ घालण्याचा उपाय शोधला होता. पण यकृताचे अर्क महाग होते आणि मुंबईच्या गरीब स्त्रियांच्या आवाक्याबाहेर. मार्माइट स्वस्त होते. दिल्यानंतर काही दिवसांतच रुग्णांची भूक परते आणि रक्तात नव्या, कोवळ्या पेशी दिसू लागत. जून 1931 च्या 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विल्स यांनी हे निष्कर्ष मांडले. नवे द्रव्य कोणते, याचे उत्तर तेव्हा त्यांच्याकडे नव्हते. 1937 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवले की घातक पंडुरोग बरा करणारा शुद्ध केलेला यकृत-अर्क या विकारावर चालत नाही, कच्चा अर्क मात्र चालतो. म्हणजे शुद्धीकरणात काहीतरी निसटत होते, आणि ते काहीतरी वेगळेच होते. त्याला 'विल्स घटक' म्हणू लागले.

1941 मध्ये टेक्सासातील संशोधकांनी चार टन पालकातून एक आम्ल वेगळे केले. पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड म्हटले. ते प्रयोगशाळेत तयार झाले 1945 मध्ये, लेडर्ले कंपनीत, आणि तेथील संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. तरुणपणी भारतात त्यांना स्वतःला स्प्रू या आजाराने गाठले होते, एका भावाचा मृत्यूही त्यानेच झाला होता. स्प्रूमध्ये आतडे फोलेट शोषून घेत नाही, रोगी झिजत जातो. शास्त्राच्या इतिहासात असे योगायोग क्वचितच भेटतात.

पेशी मोठी का होते, तेही यानंतर उलगडले. डीएनए बांधायला फोलेट लागते. ते नसेल तर अस्थिमज्जेतील पेशी वाढते, पण विभागू शकत नाही. शरीरातील फोलेटचा साठा काही महिनेच पुरतो, म्हणून मलेरिया किंवा दीर्घ अतिसारानंतर तो चटकन आटतो. बी-12 चा साठा मात्र वर्षानुवर्षे टिकतो. 1961 मध्ये बॉस्टनच्या व्हिक्टर हर्बर्ट यांनी तीनदा उकळून फोलेट काढून टाकलेले अन्न काही महिने स्वतः खाऊन पाहिले. रक्तक्षय उघड होण्यापूर्वीच त्यांना विसराळूपणा, निद्रानाश आणि चिडचिड जाणवू लागली होती. कामाचा ताण म्हणून आपण जे सोडून देतो, नेमके तेच. भाज्या रटरट शिजवणाऱ्या स्वयंपाकघरांना हा प्रयोग ठाऊक असायला हवा.

विल्स यांच्या कामाला पैसा पुरवणाऱ्यांत इंडियन रिसर्च फंड असोसिएशन ही संस्था होती. तीच 1949 मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाली, दिल्लीतली. 1970 मध्ये देशाने रक्तक्षय प्रतिबंधाचा कार्यक्रम सुरू केला तेव्हा गर्भवतींच्या गोळीत 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड होते. मुंबईतले ते अनामिक द्रव्य आता सरकारी गोळीत आले होते. 1975 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर येथील गर्भवतींवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लोहाचा अभाव हेच प्रमुख कारण ठरले. पण लोहाची मात्रा वाढवूनही सगळ्यांचा रक्तक्षय गेला नाही.

इथे एमसीव्हीच्या त्या ओळीतला धोका समजतो. लोहाचा अभाव पेशी लहान करतो, फोलेट-बी-12 चा अभाव मोठी करतो; दोन्ही एकत्र असतील तर सरासरी 90 च्या आसपास, अगदी निर्दोष दिसू शकते. शिवाय फोलिक ॲसिडने रक्त सुधारते, पण मूळ अभाव बी-12 चा असेल तर मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालू राहते. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात 10 ते 19 वयोगटातील 37 टक्के मुलामुलींत फोलेटची, 31 टक्क्यांत बी-12 ची आणि 22 टक्क्यांत लोहाची कमतरता आढळली. तापानंतरचा प्रत्येक थकवा या तीन रकान्यांत बसत नाही, हेही खरे. सर्व तपासण्या निर्दोष येऊनही न उठणारे रुग्ण असतात, आणि त्यांच्या थकव्याला अजून विल्स भेटलेली नाही.